पार्क काउंटीचे छप्परवाले लाकडी पूल दीडशे वर्षं कसे टिकले, आणि दुरुस्त करत राहिल्यावर ते 'मूळ' उरतात का?

प्रश्न असा आहे : अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पार्क काउंटीत आजही ३१ छप्परवाले लाकडी पूल उभे आहेत. ऑक्टोबरातल्या दहा दिवसांच्या महोत्सवात ते पाहताना दोन शंका येतात. उघड्यावरचं लाकूड इतकी वर्षं टिकलं कसं? आणि फळ्या, पत्रे, तुळया बदलत राहायच्या तर त्याला १८६१चा किंवा १८७६चा पूल का म्हणायचं?

पहिल्या शंकेत एक चूक दडलेली आहे. ते लाकूड उघड्यावर नाहीच. छप्पर माणसांना, घोड्यांना भिजू नये म्हणून घातलं, असं गाइड सांगतात. ऐकायला गोड आहे, खरं नाही. छप्पर पुलासाठी आहे. त्याच लाकडाचा उघडा पूल दहा-वीस वर्षांत सांध्यांपाशी कुजायला लागतो. छप्पर आणि बाजूच्या फळ्या घातल्या की भार उचलणारं लाकूड शंभर वर्षांच्या पुढे जातं. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर मातीच्या भिंतींना झापं बांधतात, हिशेब तोच. झाप दर दोन-चार वर्षांनी बदललं म्हणून घर नवीन होत नाही. हे उदाहरण लक्षात ठेवा, दुसऱ्या शंकेला लागेल.

आधी या पुलात भार कुठून कुठे जातो ते बघू, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पार्क काउंटीतले बहुतेक पूल बर पद्धतीचे आहेत. थिओडोर बर यांनी १८१७मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक उंच लाकडी कैची असते. तिच्यात उभे खांब, त्यांच्यामध्ये मधल्या खांबाकडे झुकणारे तिरपे टेकू, वर एक आडवी तुळई आणि खाली एक आडवी तुळई. या तुळयांना कॉर्ड म्हणतात. तिरपे टेकू आणि वरची कॉर्ड दाबली जातात. उभे खांब आणि खालची कॉर्ड ताणली जातात. या कैचीला आतून-बाहेरून मोठ्या लाकडी कमानी बोल्टांनी जखडलेल्या असतात, आणि कमानींचे पाय रस्त्याच्या पातळीखाली, तीरावरच्या दगडी पीठाच्या म्हणजे अ‍ॅबटमेंटच्या अंगात टेकतात.

लाकूड दाबाला चांगलं तोंड देतं, सांधा करायलाही फार डोकं लागत नाही : एक टोक दुसऱ्यावर नीट बसलं की झालं. ताण घेणारा सांधा मात्र अवघड. दीडशे-दोनशे फुटांची एकसंध तुळई कुठल्या झाडातून काढणार? म्हणून खालची कॉर्ड शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन ओळींची करतात, प्रत्येक ओळीतले जोड वेगवेगळ्या जागी पाडतात, आणि जोडांत खाचा करून कठीण लाकडाचे ठोकळे ठोकतात. उभे खांबही खाली खाच करून कॉर्डवर अडकवलेले असतात आणि खाचेखाली खांबाची एक 'शेपटी' सोडलेली असते. तिरपा टेकू खांबाच्या पायाला रेटतो तेव्हा ती शेपटी लाकडाच्या रेषेत कापली जाऊ पाहते. जुन्या पुलांत खांबाच्या शेपटीची उभी चीर आणि खालच्या कॉर्डचा उघडलेला जोड या दोन गोष्टी सापडल्या, तर बाकी तपासणी बाजूला ठेवून आधी वाहतूक थांबवायची. वरचे वासे मोडलेले दिसले तरी पूल आज पडत नाही. खालचा जोड पाव इंच उघडला असेल तर सांगता येत नाही.

आता कुजण्याकडे. आपल्याकडे लाकूड म्हटलं की पहिली आठवते वाळवी. इथे मुख्य शत्रू बुरशी. पावडरपोस्ट जातीचे भुंगेरेही लागतात, पण पूल पाडते ती बुरशी, आणि तिला हवं असतं पाणी. लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. २८-३०च्या पुढे गेला की ती जोम धरते. अख्ख्या पुलाच्या जतनाचा जीव या एका आकड्यात आहे. छत ठीक असलेल्या पुलाच्या मधल्या भागात ओलावा मोजणारा मीटर लावला तर आकडा सहसा वीसच्या खालीच येतो. मग कुजतं कुठे?

टोकांना. पूल जिथे तीरावर टेकतो तिथे, खालच्या कॉर्डच्या शेवटच्या तीन-चार फुटांत. रस्त्यावरून उतारानं वाहत येणारं पाणी, टायरांबरोबर आत येणारी खडी आणि चिखल, हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, हे सगळं दारातून आत येतं, रस्त्याच्या फळ्यांच्या फटींतून खाली पडतं आणि अ‍ॅबटमेंटच्या माथ्यावर साचतं. तिथे वारा नाही, ऊन नाही. वर्षानुवर्षं तिथे ओल्या खडीचा ढीग राहतो आणि कॉर्डचं टोक त्यात रुतून बसतं. वरून पूल नवरीसारखा सजलेला, लाल फळ्या, पांढरं तोंड. खाली वाकून पाहिलं तर टोकाची तुळई ओल्या केकसारखी.

हे टोक तपासायची पद्धत सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते. आधी फावड्यानं खडी आणि पाखरांची घाण पूर्ण काढायची, लाकूड चारही बाजूंनी दिसलं पाहिजे. मग हातोडीनं ठोकत जायचं : धड लाकूड टणक वाजतं, पोकळ भाग भद्द आवाज देतो. मग आरी टोचायची. आरीनं थोडं लाकूड उचकटून पाहायचं : लांब सळसळीत ढलपी निघाली तर लाकूड धड, ढलपी काडकन आडवी तुटून भुसा झाला तर बुरशी आत शिरलेली. आकार शाबूत असतानाही ही खूण दिसते, म्हणून तिचं मोल जास्त. त्यानंतर ओलाव्याचा मीटर, पण एकाच खोलीवर नको. पृष्ठभागावर १५ टक्के आणि दोन इंच आत ३२, असं टोकाशी अनेकदा निघतं. शेवटी शंका असेल तिथे रेझिस्टन्स ड्रिल. जेमतेम तीन मिलिमीटरची सुई लाकडात शिरते आणि किती जोर लागला त्याचा आलेख काढते. आलेख जिथे झपकन खाली पडतो तिथे आत पोकळी.

भेगा दिसल्या की लोक घाबरतात. वाळताना पडलेली भेग रेषेच्या दिशेनं जाते, तिच्या कडा काळपट-राखाडी असतात, आत शंभर वर्षांची धूळ असते. ती सोडून द्या. कडा फिक्या आणि ताज्या दिसल्या, किंवा भेग आडवी जात असेल, तर थांबा.

कमानींच्या पायांबद्दल वेगळं सांगायला हवं. हे पाय फळ्यांच्या आडोशाबाहेर, रस्त्याच्या खाली असतात, त्यामुळे झड थेट लागते. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी 'मजबुतीसाठी' कमानीचा पाय काँक्रीटमध्ये गाडून टाकला. हेतू चांगला, परिणाम वाईट. लाकूड वाळताना आक्रसतं, काँक्रीट आणि लाकडात केसाएवढी फट पडते, पाणी त्या फटीतून आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. दहा-वीस वर्षांनी काँक्रीट फोडलं की आत चोथा. लाकडाचं टोक कशात तरी बसवायचंच असेल तर तिन्ही बाजूंनी बोटभर हवा खेळती ठेवा आणि वरून पत्र्याची टोपी द्या. खालच्या कॉर्डखालीही थेट दगड नको. मध्ये पांढऱ्या ओकचा जाड ठोकळा. तो कुजण्यासाठीच ठेवलेला असतो. वीस-तीस वर्षांनी तो काढून नवा सरकवायचा, कॉर्डला हात लावायचा नाही.

छताचं काम मोठं नाही, वेळेवर करायचं काम आहे. सीडरच्या चिपा असोत वा पत्रा, गळतीचा डाग दिसला त्याच हंगामात दुरुस्ती. वळचण पुरेशी बाहेर हवी, म्हणजे पागोळ्या फळ्यांच्या अंगावर न पडता नदीत पडतील. बाजूच्या फळ्या वर वळचणीपर्यंत नेऊन भिडवू नका; वरची उघडी पट्टी हवेसाठी आणि उजेडासाठी असते. रंग देणारे कंत्राटदार कधी कधी फळ्यांमधल्या फटी सीलंटनं भरून देतात. तो सीलंट काढायला लावा.

आता वजन, म्हणजे जिथे चांगले इंजिनिअरही गंडतात. पुलाच्या तोंडावर पाच टनांची पाटी दिसली की वाटतं, एवढा मोठा पूल आणि फक्त पाच टन? पण लाकडी पुलाची बरीचशी ताकद स्वतःचं वजन उचलण्यातच खर्च होते. आता कुणीतरी ठरवतं, रस्त्याच्या फळ्या वारंवार झिजतात, तर जाड ग्लुलॅम डेक, म्हणजे लाकडाचे थर चिकटवून केलेला तळ, टाकू. पूल २०० फूट लांब, रस्ता १४ फूट रुंद, म्हणजे २,८०० चौरस फूट. नव्या डेकचं वजन चौरस फुटाला फक्त १० पौंडांनी वाढलं तरी एकूण २८,००० पौंड, म्हणजे १४ अमेरिकी टन, पुलावर कायमचे बसले. एकही गाडी न जाता. म्हणून डेक बदलताना आधी जुन्या डेकचं वजन काढा, आणि नवा त्याहून जड होऊ देऊ नका. डांबराचा थर तर नकोच : वजनही वाढतं, आणि खालच्या फळ्या वाळेनाशा होतात.

पाटी लावली म्हणजे ड्रायव्हर ती वाचतो असंही नाही. इंडियानातच पाओली गावात २५ डिसेंबर २०१५ रोजी बाटलीबंद पाण्यानं भरलेला ट्रेलर सहा टनांची मर्यादा असलेल्या १८८०च्या पुलावर गेला आणि पूल खाली बसला. तो लोखंडी होता, पण धडा लाकडी पुलांना तंतोतंत लागू. पाटीपेक्षा उंचीचा आडवा दांडा परिणामकारक ठरतो : पुलाच्या बऱ्याच आधी, जिथून ट्रक वळवता येईल अशा जागी, साखळ्यांनी टांगलेला. तोंडाशीच लावला तर ट्रक मागे कसा घेणार? शिकागोजवळच्या लाँग ग्रोव्हचा पूल २०२०मध्ये दुरुस्त होऊन उघडला आणि त्यानंतर उंच गाड्या त्याला पुन्हा पुन्हा धडकत राहिल्या. मराठी मंडळी तिथे फोटो काढायला आवर्जून जातात म्हणून सांगतो : तो मुळात १९०६चा लोखंडी पूल आहे, लाकडी आवरण १९७२चं. दिसायला छान, पण या यादीत बसत नाही.

जुन्या पुलांच्या तोंडावर 'या पुलावरून घोडे धीम्या चालीनं न्या' अशी सूचना रंगवलेली असते. ती शोभेची नव्हे. घोडे एका ठेक्यात दुडक्या चालीनं गेले की तो ठेका पुलाला हादरवत सांधे सैल करतो.

पूल बसला, म्हणजे मधोमध खाली झुकला, तर काय करायचं? बांधतानाच मध्य काही इंच वर उचललेला असतो, त्याला कँबर म्हणतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून, प्रत्येक खांबापाशी दोरी आणि कॉर्डमधलं अंतर मोजून कागदावर मांडा. रेषा सलग गोलाईनं खाली आली असेल तर सगळे सांधे थोडेथोडे दबले आहेत. एका जागी कोपरा पडला असेल तर तिथला जोड गेला. दोन्ही कैच्यांची मोजणी वेगवेगळी करा. एकच बसली असेल तर पूल पिळतो आहे, आणि मग छताखालचे तिरपे आडवे बांधही तपासायला हवेत.

उचलण्यासाठी नदीत तात्पुरता सांगाडा उभा करतात आणि जॅक खांबांच्या खाली लावतात, दोन खांबांच्या मधल्या भागाखाली कधीच नाही. तिथे कॉर्ड वाकते आणि मोडते. दिवसाला पाव इंचाहून जास्त उचलू नये, असा माझा आग्रह असतो. शंभर वर्षं दाबात बसलेलं लाकूड एका दुपारी सरळ करायला गेलात तर ते सांध्यातून फाटतं. बोल्ट आधी सैल करा, कमान आणि कैची एकत्र जखडलेली असताना जॅक लावला तर एक दुसरीला ओढते. थोडं जास्त उचला, पाचरी ठोकून सांधे घट्ट करा, मग हळूहळू खाली सोडा. काही इंच परत बसणारच.

नवी तुळई घालताना सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ओलं लाकूड. ताज्या कापलेल्या पांढऱ्या ओकची १२ इंच रुंद तुळई वाळताना रुंदीत अर्ध्या इंचाच्या आसपास आक्रसते. बसवताना सांधा सुईसारखा बसतो, फोटो छान येतात, आणि दोन वर्षांनी त्याच सांध्यात बोट जातं. मोठ्या जाडीचं लाकूड पूर्ण वाळलेलं मिळणं अवघड, हे मान्य. मग निदान पाचरी अशा ठेवा की नंतर पुन्हा ठोकता येतील, आणि पहिली तीन वर्षं दर उन्हाळ्यात त्या ठोकायला माणूस पाठवायचं कलम कंत्राटात घाला. हे कलम नसेल तर कुणी येत नाही.

अख्खी तुळई बदलायची की कुजलेला तुकडाच? दाब घेणाऱ्या भागात तुकडा जोडणं चालतं. ताण घेणाऱ्या कॉर्डच्या टोकाशी तिरपा लांब जोड देऊन नवं टोक बसवता येतं, पण जोडाची ताकद मूळ तुळईइतकी धरायची नाही. इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी राळ, भरून आकार पूर्ववत करणं मला फक्त छोट्या, कोरड्या, भार नसलेल्या जागी पटतं. मोठ्या पोकळीत ते बाहेरून धड दिसतं, आत ओलावा कोंडतं आणि पुढच्या तपासणीत हातोडीलाही फसवतं. लोखंडी सळ्यांचं तसंच : गरज असेल तर घाला, पण पाणी लोखंडावर जमतं आणि ओकमधल्या आम्लानं लोखंड गंजतं, लाकूड काळं पडतं. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच वापरा, आणि नंतर काढता येईल असं.

आग. पार्क काउंटीनं जेफ्रीज फोर्डचा पूल २००२मध्ये आणि ब्रिजटनचा २००५मध्ये जाळपोळीत गमावला. पुलाचं लाकूड जाड असतं. जाड तुळई तासाला साधारण दीड इंच कोळसा होत आत जळते, म्हणजे ती लगेच मरत नाही. पण पातळ फळ्या आणि छप्पर लगेच पेटतात, आणि दोन्ही तोंडं उघडी असलेला हा बोगदा धुराड्यासारखा ओढ घेतो. अग्निशमनची गाडी लांबून येते. पहिल्या दहा मिनिटांत जे होईल तेच. म्हणून क्रम असा : आधी उष्णता ओळखणारी वायर छताच्या आतून आणि डेकखालून दोन्हीकडे, कारण आग लावणारा बहुधा खालून लावतो, मग दिवे आणि कॅमेरे, मग आगरोधक लेप. लेप शेवटी, कारण तो झिजतो आणि ठरलेल्या मुदतीनं पुन्हा द्यावा लागतो, हे बजेटमध्ये कुणी धरत नाही. पुलाखालचं गवत आणि अडकलेले ओंडके वर्षातून दोनदा काढणं याहून स्वस्त आणि बऱ्याचदा जास्त उपयोगी.

पुराचं थोडक्यात. पूल पाण्यात कोसळत नाही, तर तरंगून उचलला जातो किंवा वाहत आलेल्या झाडांनी ढकलला जातो. २०११च्या आयरीन वादळात न्यूयॉर्क राज्यातला १८५५चा ब्लेनहाइम पूल असाच गेला. उपाय एकच खात्रीचा : तळ पुराच्या पातळीच्या वर.

आता दुसरी शंका, मूळ कुठलं. ब्रिजटनचा १८६८चा पूल जे. जे. डॅनियल्स यांनी बांधला होता. जळाल्यावर त्याच जागी, त्याच धाटणीचा नवा २००६मध्ये उभा राहिला, गावानं हौसेनं उभारला. तो सुंदर आहे, पण तो २००६चा पूल आहे आणि तसंच म्हणावं. शुगर क्रीकवरचा वेस्ट युनियन, १८७६चा, डॅनियल्स यांचाच, ३१५ फुटी, राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेला. त्याच्या कैच्या आणि कमानी त्यांच्या जागी आहेत. छत, फळ्या, डेक बदलले असतील तर बदलू देत, ते झाप आहे. माझी कसोटी सोपी : ताण घेणारी खालची कॉर्ड, खांब आणि कमानी यांतलं किती लाकूड बांधणाऱ्याच्या हातचं आहे, आणि भार आजही त्याच लाकडातून जातो का. खाली पोलादी गर्डर घालून लाकडी कैची शोभेला ठेवली, की फळी न् फळी जुनी असली तरी पूल म्हणून तो संपला. उलट टर्की रन उद्यानातला कॉक्स फोर्ड पूल घ्या. १९१३च्या पुरानं तिथला आधीचा पूल नेला, आणि जे. ए. ब्रिटन यांनी बांधलेल्या लाकडी पुलात दुसऱ्या वाहून गेलेल्या पुलाच्या कमानी वापरल्या. दुसऱ्याच्या कमानी असूनही तो अस्सलच, कारण त्या कमानी तिथे काम करताहेत.

पुढच्या खेपेला जाल तेव्हा महोत्सवाच्या गर्दीत जाऊ नका, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. टॉर्च न्या. वेस्ट युनियनवर वाहनं बंद आहेत, त्यामुळे आत निवांत उभं राहता येतं. डॅनियल्स यांच्या पुलांची तोंडं बहुधा गोल कमानीची, ब्रिटन यांच्यांची वरचे कोपरे तिरपे कापलेली; लांबून ओळखता येतात. मग तोंडाशी न थांबता तीरावरून खाली उतरा, जिथे परवानगी असेल तिथेच, आणि कॉर्डच्या टोकाकडे पाहा. ते कोरडं असेल आणि खाली ओकचा ठोकळा स्वच्छ दिसत असेल, तर त्या पुलाकडे कुणाचं तरी लक्ष आहे.